पत्रकाच्या तळाशी छापलेली ओळ

तुम्ही विचारलंय, "परका देश गुपचूप आपल्या राजकारणात हात घालत असेल, तर त्यापासून देश स्वतःला वाचवतो कसा? हे सगळं गुप्तचर खात्यानेच बघायचं का?" मी चौदा वर्षं मेलबर्नला राहतोय. ऑस्ट्रेलियात या प्रश्नावर मोठं रणकंदन झालं आणि ते मी जवळून पाहिलं, म्हणून तिथलंच सांगतो.

आधी एक भेद लक्षात घ्या. परदेशी राजदूताने उघडपणे आपल्या देशाची बाजू मांडली, मंत्र्यांना भेटला, लेख लिहिला, तर त्यात गैर काही नाही. त्याचं कामच ते. भानगड सुरू होते ती लपवाछपवी, धाकदपटशा आणि पैशाने माणूस फोडणं यापासून. डिसेंबर २०१७ मध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी नवी विधेयकं आणली, तेव्हा हीच रेघ ओढली होती.

ती वेळ का आली? सॅम डास्त्यारी हे मजूर पक्षाचे सिनेटर. त्यांच्या प्रवासखर्चाचं १,६७० डॉलरचं बिल चीनशी संबंध असलेल्या एका कंपनीने भरलं होतं. रक्कम बघा, चिल्लरच म्हणायची. पण जून २०१६ मध्ये एका चिनी देणगीदाराला शेजारी उभं करून त्यांनी चिनी भाषेतल्या पत्रकारांना सांगितलं, की दक्षिण चीन समुद्राचा प्रश्न (ज्यावर चीनबरोबर शेजारचे देशही हक्क सांगतात) हा चीनचा स्वतःचा मामला आहे. त्यांच्याच पक्षाची भूमिका नेमकी उलट होती. पुढे त्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की तेव्हा परदेशी माणसाकडून राजकीय देणगी घेणं तिथे बेकायदा नव्हतंच. दार सताड उघडं होतं.

जून २०१८ मध्ये कायदे झाले. परक्या सरकारसाठी छुप्या मार्गाने राजकारणात ढवळाढवळ करणं हा गुन्हा ठरला, शिक्षा वीस वर्षांपर्यंत. नुसती तयारी करणं हाही गुन्हा. परक्या सरकारच्या वतीने लॉबिंग, म्हणजे मंत्री-खासदारांचं मन वळवायचं काम, करणाऱ्याने सरकारी नोंदवहीत नाव घालायचं, अशी सक्ती आली. १ जानेवारी २०१९ पासून परदेशी देणग्यांवर बंदी आली. त्याच सुमारास हुआवे या चिनी कंपनीला मोबाइलच्या ५जी जाळ्यातून बाहेर ठेवलं गेलं.

या कायद्याखाली पहिला माणूस दोषी ठरला तो इथेच, मेलबर्नमध्ये. जून २०२० मध्ये, कोविडच्या काळात, स्थलांतरितांच्या एका समाजाच्या पुढाऱ्याने इथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी ३७,४५० डॉलर जमवले आणि भला मोठा पुठ्ठ्याचा चेक एका केंद्रीय मंत्र्याच्या हातात देऊन फोटो काढला. ज्युरीला पटलं, की या देणगीच्या आडून मंत्र्याशी सलगी वाढवून ती चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या उपयोगी आणायचा बेत होता. त्याने आरोप नाकारले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला दोन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा झाली. बंदूक नाही, चोरलेले नकाशे नाहीत, रुग्णालयाची देणगी! असली ढवळाढवळ ओळखणं इतकं अवघड का, ते यावरून कळतं.

नोंदवहीचा मात्र म्हणावा तसा उपयोग झाला नाही. माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांना एका परिषदेतल्या भाषणासाठी नाव नोंदवायला सांगितलं गेलं, आणि ज्यांच्यासाठी ती वही उघडली त्यातले बरेच तिच्याकडे फिरकलेच नाहीत. २०२४ मध्ये संसदेच्याच समितीने ही योजना आपला हेतू साधू शकली नाही असं म्हटलं. प्रामाणिक माणूस नाव नोंदवतो आणि लबाड नोंदवत नाही, एवढं साधं गणित कायदा करताना सुटायला नको होतं.

म्हणून माझा भर दुसऱ्या गोष्टींवर आहे. माझ्या मामांचा मिरजेला छापखाना होता. निवडणूक आली की ट्रेडल मशीन रात्रभर खडखडायचं. पत्रक कुठल्याही पक्षाचं असो, मामा सगळ्यात आधी तळाची बारीक ओळ जुळवायला घ्यायचे: मुद्रक, प्रकाशक, पत्ता. छापून घेणाऱ्याचं सही केलेलं घोषणापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, हे हातात आल्याशिवाय छपाईच्या खिळ्यांना हात लावायचे नाहीत. छापून झालं की एक प्रत कलेक्टर कचेरीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७ अ कलम ते हेच. इथे ऑस्ट्रेलियात मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पत्रकं वाटतात, त्यांच्याही तळाशी ती कुणाच्या नावाने काढली ते नाव आणि गाव असतं. ऑनलाइन जाहिरातीलाही तेच बंधन आहे. निनावी पत्रक दिसलं की संशय घ्यायचा आणि कळवायचं, इतकं सोपं. परक्या सरकारला सगळ्यात जास्त अडचण होते ती स्वतःचं नाव लिहिण्याची.

मे २०२५ च्या निवडणुकीत मी एका उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी होतो. खालच्या सभागृहाचं मत कागदावर, पेन्सिलने. सहाला दार बंद झालं की त्याच खोलीत पेट्या उघडून हाताने मोजणी. आम्हाला मतपत्रिकेला बोट लावायची परवानगी नसते, फक्त शेजारी उभं राहून बघायचं आणि शंका आली तर बोलायचं. तीन तास पाय दुखेपर्यंत उभा होतो, पण यंत्रणा कुणीतरी दुरून हॅक करून निकाल फिरवला असं उद्या कुणी व्हॉट्सॲपवर पसरवलं, तर मी छातीठोकपणे सांगू शकतो, की मी तिथे होतो.

आता भारताबद्दल, कारण तो विषय टाळणं बरं नाही. ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख माइक बर्जेस यांनी २०२१ च्या भाषणात सांगितलं, की हेरांची एक टोळी पकडली गेली, तिने आजी-माजी राजकारण्यांशी संधान बांधलं होतं आणि हेरांच्या स्वतःच्याच देशातून ऑस्ट्रेलियात आलेल्या लोकांवर पाळत ठेवली होती. देशाचं नाव त्यांनी घेतलं नाही. २०२४ मध्ये वृत्तमाध्यमांनी ते भारताचे होते अशी बातमी दिली. वाचून वाईट वाटलं. तरीही कायद्याने कुठल्याच देशाचं नाव न घेणं योग्यच आहे असं माझं मत आहे. मित्रदेश म्हणून डोळेझाक सुरू झाली, की त्याच वाटेने दुसरे शिरतात.

आणि त्या भाषणातली 'पाळत' ही आमच्यासारख्यांवरची आहे. परदेशी ढवळाढवळीचा पहिला फटका बसतो तो स्थलांतरितांना. आमच्या मंडळाकडेही एकदा एक गृहस्थ आले. गोड बोलणारे. दिवाळीच्या हॉलचं सगळं भाडं मी देतो म्हणाले, मोबदल्यात फक्त सभासदांची यादी हवी होती, फोन नंबर आणि कोण कुठे नोकरीला आहे त्यासकट. आमच्यात संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर काम करणारे आहेत, विद्यापीठात संशोधन करणारे आहेत. ते कुणाचे होते, मला ठाऊक नाही, कदाचित विमा विकणारेही असतील. आमच्या खजिनदार काकूंनी एवढंच विचारलं, "भाऊ, पावती कुणाच्या नावाने फाडू?" ते म्हणाले, नावाची काय गरज आहे. काकूंनी पावतीपुस्तक मिटलं आणि त्या वर्षी आम्ही तिकीट पाच डॉलरने वाढवलं.