मतदार यादीच्या मागे लाग

प्रिय पोरी,

निवडणुकीच्या बातम्यांचं काम तुझ्याकडे आलं, हे कळलं. बरं वाटलं. महिला मतदारांवर विशेष पान करायचंय म्हणालीस, म्हणून लिहितेय. नऊवारीतली आजी, शाईचं बोट, फुगे लावलेलं सखी मतदान केंद्र हे सगळं फोटोग्राफर आणेलच. तू मतदार यादीच्या मागे लाग.

२०१९ च्या लोकसभेला देशभरात बायकांच्या मतदानाची टक्केवारी पहिल्यांदाच पुरुषांच्या किंचित वर गेली. २०२४ लाही वरच राहिली. छानच. पण ती टक्केवारी निघते यादीतल्या नावांवर. जिचं नावच यादीत नाही, ती मत न दिलेल्यांतसुद्धा मोजली जात नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं आयोगाने यादीतून काढली होती. त्याच निवडणुकीत नागपूरने अनसूयाबाई काळे यांना लोकसभेवर पाठवलं, १९५७ लाही त्यांनाच. त्यांच्यानंतर नागपूर मतदारसंघातून लोकसभेवर एकही बाई गेलेली नाही. संत्र्यांवर मात्र आपल्याकडे दर हंगामात पान निघतं.

आता नाव गळतं ते लग्नानंतर. माहेरी कोणीतरी फॉर्म ७ भरून नाव कमी करतं, सासरच्या पत्त्यावर नाव हलवायचा फॉर्म ८ भरायचं कोणाच्या लक्षात येत नाही. मधल्या मध्ये पोरगी मतदारच राहत नाही. आपल्या जिल्ह्यातले कुही, भिवापूर, पारशिवनी हे तालुके आहेत, त्यातलं कुठलंही एक गाव घे. दोन निवडणुकांच्या याद्या शेजारी ठेव, गळलेल्या नावांवर खुणा कर आणि त्या घरांत जा. बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, बऱ्याचदा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात. त्यांना घर न् घर ठाऊक असतं. विचार, पण नाव छापू नकोस. त्यांना नोकरी करायची आहे.

धोक्याचं विचारलंस. स्वतःच्या आधी, जी बाई तुझ्याशी बोलते तिचा विचार कर. तू संध्याकाळी सीताबर्डीला परत येशील, ती त्याच घरात राहील. सरपंचपती ओट्यावर येऊन टेकले की वही मीट आणि पावसापाण्याचं बोल. स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण देऊनही हे गृहस्थ काही ओट्यावरून उठलेले नाहीत. मत कोणाला दिलं, हे विचारूच नकोस. तिचं मत नवऱ्यापासूनही गुप्त आहे, निदान कायद्याने. तिच्या मतदार कार्डाचा फोटो काढलास तर काम झाल्यावर फोनमधून पुसून टाक.

आणि तू. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोकणात राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि त्यात त्यांचा जीव गेला. रिफायनरीच्या वादाशी संबंधित त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. ते तिथलेच होते, आणि त्यांचा रस्ता सगळ्यांना माहीत होता. मोठ्या शहरातल्या पत्रकाराभोवती थोडी तरी गर्दी असते, तालुक्याचा बातमीदार एकटाच असतो. म्हणून स्थानिक बातमीदाराला सोबत घेशील तेव्हा बातमीवर त्याचं नाव हवं की नको, ते त्यालाच विचार.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तपास उपअधीक्षकापेक्षा खालचा अधिकारी करू शकत नाही. ठाण्यात साध्या अर्जावर बोळवण करू लागले तर हे तोंडपाठ असू दे. पण कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो, हेही ध्यानात ठेव. धमकीचा फोन आला तर त्याच दिवशी संपादकाला लेखी कळव, नुसतं कॅन्टीनमध्ये सांगून सोडू नकोस.

मतदानाच्या दिवशी आयोगाचं प्राधिकारपत्र गळ्यात हवं, त्याशिवाय केंद्रात पाऊल टाकू नकोस. आत गेलीस तरी मतदान कक्षाकडे कॅमेरा नाही.

गावाला निघशील तेव्हा गाडीचा नंबर आणि परतायची वेळ मला व्हॉट्सॲप कर. आठपर्यंत फोन आला नाही तर मी थेट तुझ्या संपादकाच्या घरी जाऊन बसेन, आणि त्याला माझा स्वभाव माहीत आहे.

तुझी,
ताई