पाच मिनिटांत पेन्सिल टेबलाखाली

प्रश्न: ताई, मुलगा ९ वर्षांचा, एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ). होमवर्कला बसला की पाच मिनिटांत पेन्सिल पडते, ती शोधायला टेबलाखाली जातो आणि तिथेच खेळत बसतो. ओरडून ओरडून मीच थकले, काय करू?

उत्तर: अगं, मुद्दाम नाही करत तो, लक्ष टिकवणं त्याला खरंच जड जातं. १० मिनिटांचा टायमर लाव, एकच गणित उघडं ठेव, बाकीचं पान कागदाने झाक, मग मध्ये खुशाल उड्या मारू दे. जमलं की तिथल्या तिथे शाबासकी, रविवारचं बक्षीस त्याला फार लांब वाटतं. टीचरना सांगून खिडकीपासून लांब, पुढे बसव, फळा पुसायचं काम मिळालं तर मस्तच, तेवढंच हलणं होतं. औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नकोस, शेजारीण काहीही म्हणो.