टीएसएच नॉर्मल असूनही बायकोचा थकवा जात नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जावं का? मुंबईत खर्च किती येतो?

जा, हार्मोनच्या या डॉक्टरकडे नक्की जा. तुम्ही लिहिलंय की टीएसएच २.८ आहे, डॉक्टर म्हणतात थायरॉइड नाही, तरी ती भर मे महिन्यात चादर घेऊन झोपते, वरचं बीपी ९० च्या पुढे जात नाही, आणि हे सगळं मुलगी झाल्यापासून सुरू आहे. ते शेवटचं तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

माझी ताई २००९ मध्ये बाळंत झाली. बाळ सुखरूप होतं, पण वार पडल्यावर रक्त थांबेना. चार बाटल्या रक्त चढवावं लागलं. ती वाचली यातच आम्हाला सगळं मिळालं. मग अंगावर दूध आलं नाही. आईने अळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू सगळं करून पाहिलं, थेंब नाही. पाळी परत आलीच नाही. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, येईल. काखेतले केस गळून गेले, हे तिने मला एकदा मोरीच्या दारात उभं राहून हळूच सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

सासर कांजूरमार्गला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. भाजी घेऊन येताना ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी बाजूला ठेवून पायरीवर बसायची. शेजारणी वरखाली करायच्या, ही भिंतीला डोकं टेकून तशीच. पोळ्या करायला ओट्यापाशी स्टूल आणलं होतं, त्यावरून सासूबाईंनी काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. सात वर्षांत दोनदा टीएसएच तपासला, दोन्ही वेळा नॉर्मल. एका रिपोर्टवर ३.१ या आकड्यापुढे कुणीतरी निळ्या पेनाने बरोबरची खूण केली होती. दाजी तो कागद आम्हाला दाखवायचे. हे बघा, हिला काही झालेलं नाही.

टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नाहीच. तो मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा. थायरॉइड कमी पडली की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते, म्हणून एरवी तो आकडा चढलेला दिसतो. पण पिट्युटरीच निकामी झाली असेल तर तो चढवणार कोण? अशा वेळी टी फोर, म्हणजे थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन थायरॉक्सिन, खाली गेलेला असतो आणि टीएसएच मात्र नॉर्मल दिसू शकतो. गरोदरपणात पिट्युटरी फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात रक्त जाऊन बीपी कोसळलं की तिचा बराचसा भाग मरू शकतो. शीहान नावाच्या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने १९३७ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून शीहान सिंड्रोम.

२०१६ मध्ये एका नव्या डॉक्टरांनी फ्री टी फोर करायला सांगितला. खूपच कमी आला. इथपर्यंत बरोबर झालं. मग त्यांनी थेट १०० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. कॉर्टिसॉल, म्हणजे ताण पेलायला आणि बीपी टिकवायला लागणारा हार्मोन, बघितलाच नाही. पिट्युटरी गेली की तो बनवणाऱ्या, किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनललाही आदेश मिळत नाही, कॉर्टिसॉल आधीच तळाला गेलेला असतो, आणि थायरॉक्सिन सुरू झालं की शरीर तो उरलासुरलाही लवकर संपवतं. बाराव्या दिवशी उलट्या, मग बरळणं. कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा सोडियम ११४, म्हणजे जिवावर बेतेल इतकं कमी.

तिथे एक अगदी तरुण निवासी डॉक्टर होती. तिने फाइल मिटली आणि आईला विचारलं, "मावशी, बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? अंगावर दूध आलं होतं?" आईला रडूच फुटलं. तिने कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या स्टेरॉइडचं, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने चहा मागितला. कॉर्टिसॉल १.२ आला. पुढे एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या जागी बहुतेक पाणीच दिसलं.

आता तुमचं. टीएसएचबरोबर फ्री टी फोर, सोडियम, प्रोलॅक्टिन, एलएच, एफएसएच (हे तिन्ही पिट्युटरीचेच हार्मोन, दुधाचे आणि पाळीचे) आणि सकाळी आठचा कॉर्टिसॉल. आठचा म्हणजे आठचाच, दुपारच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. तो (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) ३ च्या खाली असेल तर कॉर्टिसॉल कमी पडतोय हे जवळपास नक्की, १८ च्या वर असेल तर चिंता नाही, मधला असेल तर इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर दोन दिवस आधी बंद करा, त्याने हे आकडे चुकतात. आणि कॉर्टिसॉल बघितल्याशिवाय थायरॉक्सिनची गोळी घेऊ देऊ नका, कोणीही लिहून दिली तरी. खर्चात एमआरआय सगळ्यात महाग, म्हणून आधी रक्त. खासगी परवडत नसेल तर परळला केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

स्टेरॉइडच्या नावाला घाबरू नका. ताई रोज हायड्रोकॉर्टिसोन १५ मिलिग्रॅम घेते, शरीर स्वतः बनवतं साधारण तेवढंच. ताप आला की डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन. दाजींनी मध्यंतरी "किडनी जाईल" म्हणून ती गोळी बंद करायला लावली होती. त्यावरून मी जे भांडले, त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच.

हेही सांगायला हवं की तुमच्या बायकोला हेच असेल असं नाही. हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह आधी बघा, बाळंतपणानंतरचं डिप्रेशनही असतं आणि तोही आजारच आहे. रक्त गेलं नसेल, दूध नीट आलं असेल, पाळी नियमित असेल तर शीहानची शक्यता फारच कमी. तळहाताच्या रेषा किंवा हिरड्या काळ्या पडत असतील तर दोष थेट अ‍ॅड्रिनलमध्ये असू शकतो, आपल्याकडे टीबीनेही होतो. शीहानमध्ये उलट चेहरा फिकट पडतो.

गेल्या दिवाळीत दाजी पुन्हा म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल होता, मी काय करायचं होतं?" ताई समोर होती म्हणून मी गप्प बसले. तिच्याबरोबर डॉक्टरकडे जायचं होतं. रक्ताच्या चार बाटल्या चढल्या, दूध आलं नाही, पाळी गेली, एवढं शेजारी बसून सांगायचं होतं. तुम्ही जा आणि बाळंतपणापासूनचं सगळं कागदावर लिहून न्या. ती आपणहून सांगणार नाही. ताईने काखेतल्या केसांचं सात वर्षांत एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं.