वाचकांचे प्रश्न : योगवर्गात नव्याने जाताना

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून गेल्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे. घराजवळच्या योगवर्गात नाव घातले आहे, पण आजवर एकही आसन केलेले नाही. पहिल्या दिवशी काय पाळावे? गोळीबद्दल सांगणे बरे दिसेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर सांगा, नवख्या व्यक्तीने पाळायचा तोच पहिला शिष्टाचार आहे. शिक्षकांना एका वेळी अनेकांकडे लक्ष द्यावे लागते आणि कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, कोणाला काचबिंदू आहे, कोणाच्या मणक्यातील चकती सरकलेली आहे, हे नुसत्या चेहऱ्यावरून त्यांना कळत नाही. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांसारखी आसने आणि श्वास रोखून धरण्याचे कुंभक अशा तक्रारी असलेल्यांना सहसा वर्ज्य सांगितले जातात. पण त्यासाठी शिक्षकांना तक्रार ठाऊक असायला हवी. सर्वांसमोर बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर दहा मिनिटे आधी पोहोचून त्यांना बाजूला घेऊन सांगावे आणि तत्पूर्वी आपल्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

पोटभर जेवण झाल्यावर तीन ते चार तास आसने करू नयेत. सकाळच्या वर्गाला अनशापोटी गेलेले उत्तम. मात्र पोट रिकामे ठेवायचे म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर टाळू नका, तिची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कपडे सैल पण आवरलेले असावेत, पाय धुऊन अनवाणी बसावे आणि अत्तर किंवा सुगंधी फवारा लावून जाऊ नये, कारण प्राणायामात शेजारची व्यक्ती दीर्घ श्वास घेते तेव्हा तो उग्र वास तिच्याही छातीत जातो. मोबाइल पूर्ण बंद ठेवावा. जागा शक्यतो मधल्या रांगेत घ्यावी, म्हणजे उलट दिशेला तोंड करून आसन करायची वेळ आली तरी समोर पाहण्यासाठी कोणीतरी असते. आपले हसे होईल ही भीती मनातून काढून टाका. तिथे प्रत्येक जण स्वतःच्या ताठरलेल्या गुडघ्यांत आणि खांद्यांत गुंतलेला असतो.

प्रश्न : आमचा वर्ग अय्यंगार पद्धतीचा आहे. तास संपल्यावर ब्लँकेट, पट्टे, ठोकळे आम्हालाच आवरायला लावतात आणि घडी वाकडी झाली तर ती पुन्हा घालायला सांगतात. शुल्क भरूनही हे का करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : या पद्धतीचे प्रवर्तक योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि १९७५ मध्ये तिथेच त्यांची रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट उभी राहिली. वृद्ध, आजारी आणि ताठर शरीराच्या माणसांनाही आसन साधावे, यासाठी त्यांनी ही साधने वापरात आणली. सर्वांगासनात खांदे एकावर एक ठेवलेल्या ब्लँकेटांवर असतात आणि डोके खाली जमिनीवर टेकलेले असते, त्यामुळे मानेला मोकळीक मिळते. त्या ब्लँकेटांच्या कडा एका रेषेत नसतील, एखादी घडी मध्येच फुगलेली असेल, तर एक खांदा खाली राहतो आणि भार मानेवर येतो. तुम्ही घातलेल्या घडीवर पुढच्या तासाला दुसऱ्या कोणाची तरी मान विसावणार असते, म्हणून शिक्षकांचा हा आग्रह मला अगदी रास्त वाटतो.

प्रश्न : कार्यालय गाठायचे असल्याने मी शवासन सुरू झाले की उठून जातो. शिक्षक नाराज दिसतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : त्यांची नाराजी योग्य आहे. तासभर ताणलेले शरीर शवासनात शांत होते, श्वासाची गती उतरते; ते टाळून लगेच गर्दीत शिरण्यात तुमचेच नुकसान आहे. शिवाय मॅट गुंडाळण्याच्या आणि पिशवीची चेन ओढण्याच्या आवाजाने आजूबाजूच्या सर्वांची विश्रांती मोडते. लवकर निघणे अटळच असेल, तर शिक्षकांना आधी सांगून दाराजवळ बसा, इतर जण आडवे होण्यापूर्वी पाच मिनिटे स्वतःचे शवासन उरका आणि मगच निघा.

प्रश्न : शिक्षक हात लावून आसन सुधारतात, त्याने मला अवघडल्यासारखे होते. नको म्हटले तर उद्धटपणा ठरेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. शिक्षकांविषयीचा आदर आणि स्वतःच्या शरीरावरचा अधिकार यांत विरोध नाही. वर्गापूर्वी “मला तोंडी सूचना द्या, हात लावू नका” असे स्पष्ट सांगावे. चांगले शिक्षक ते लगेच मान्य करतात, आणि दुखते आहे असे तुम्ही म्हणताच थांबतातही. सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर भिडेखातर तिथे राहू नका, वर्ग बदला.