भारवाहक भिंतीच्या जागी तुळई

प्रश्न : आमचे घर दुमजली, विटांच्या बांधकामाचे आहे. तळमजल्यावरील बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली नऊ इंची भिंत काढून दोन्ही खोल्या एक करण्याचा विचार आहे. मोकळा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, सुमारे चार मीटरचा होईल. वरच्या मजल्यावरही त्याच रेषेत भिंत आहे. कंत्राटदारांचे म्हणणे असे, की आठ इंची लोखंडी गर्डर टाकला की काम भागते आणि भिंत पाडेपर्यंत दोन टेकू पुरतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि अभियंत्याने गणित करून नकाशा देईपर्यंत त्या भिंतीचा गिलावाही काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वरच्या मजल्याची भिंत जिच्यावर उभी आहे, ती भिंत भारवाहक, म्हणजे वरचा भार पेलणारी, आहे असेच धरून चालावे लागते.

भाराचा अंदाज आपणही करू शकता. दोन्ही बाजूंच्या खोल्या साडेतीन मीटर रुंद आहेत असे मानले, तर प्रत्येकीच्या स्लॅबचा निम्मा भाग, म्हणजे एकूण साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा, या भिंतीवर टेकलेला असतो. पाच इंची स्लॅब, फरशी, गिलावा, माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण 600 किलो धरावे लागतात. म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीवर एका स्लॅबचे सुमारे 2 टन येतात. गच्चीच्या स्लॅबचा जवळपास तेवढाच भार वरच्या भिंतीतून खाली उतरतो आणि त्या भिंतीचे स्वतःचे वजन मीटरला 1.3 टनांच्या आसपास असते. चार मीटरच्या गाळ्यावर ही बेरीज 20 टनांच्या पुढे जाते. त्यापुढे आठ इंची एक गर्डर फारच अपुरा आहे; वाकण्याच्या हिशेबात तो गरजेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही.

तरीही माझी मुख्य काळजी गर्डरच्या आकाराची नाही, त्याच्या टोकांखाली काय आहे याची आहे. आज हा भार भिंतीच्या संपूर्ण लांबीवर पसरून पायात उतरतो. तुळई आली की तोच भार दोन टोकांवर एकवटतो, म्हणजे प्रत्येक टोकावर दहा-अकरा टन. ते टोक भिंतीत नऊ इंच आत नुसते विटांवर टेकवले, तर तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलो होतो. साध्या विटांच्या बांधकामाला सुरक्षितपणे सोसवणाऱ्या दाबाच्या तो दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आहे. अशा वेळी तुळई शाबूत राहते आणि तिच्या टोकाखालच्या विटा चिरडू लागतात. म्हणून टोकांखाली काँक्रीटचा पुरेसा लांब बेड ब्लॉक (भार विटांवर पसरवणारा ठोकळा) किंवा सरळ स्वतंत्र कॉलम द्यावा लागतो. आणि कॉलम आला की त्याच्याखालचा पायाही उकरून पाहावा लागतो, कारण सलग भिंतीसाठी घातलेला अरुंद पाया असा एकवटलेला भार पेलेलच असे नाही. अंदाजपत्रकात पायाचा उल्लेखच नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे समजावे.

टेकूंबद्दलही तेच. टेकू भिंतीच्या दोन्ही बाजूंना, ओळीने, माथ्यावर आडव्या तुळयांसह हवेत आणि त्यांचे पाय फरशीवर नव्हे, तर भार पेलणाऱ्या भक्कम बैठकीवर हवेत. स्लॅबखाली टेकू लावल्याने वरची भिंत आपोआप धरली जाते असे मानू नये. ती स्वतंत्रपणे धरावी लागते का, हे अभियंता ठरवील. सलग स्लॅबमध्ये भिंतीवरून जाणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, कारण तिथे ताण वरच्या बाजूला येतो. आधार थोडा जरी खचला, तरी ताणाची जागा बदलते आणि जिथे सळई कमी आहे तिथे भेग पडते.

पोलादी तुळई बसवण्याची मला सर्वांत पसंत असलेली रीत अशी. भिंतीच्या एका अंगाला खाच पाडून पहिला चॅनल (इंग्रजी C आकाराची पोलादी तुळई) बसवायचा, त्याच्या माथ्यावरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरण्याच्या सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून भरायची आणि ते पक्के झाल्यावरच दुसऱ्या अंगाची खाच घ्यायची. दोन्ही चॅनल बोल्टने जखडल्यानंतर खालची भिंत वरून खाली, थोडी थोडी उतरवायची. माथ्यावरची फट नीट भरली नाही, तर टेकू काढताच वरचे बांधकाम तेवढे खाली बसते आणि वरच्या मजल्यावर तिरक्या भेगा दिसू लागतात. चार मीटरच्या गाळ्यात तुळई फार तर 11-12 मिलिमीटर वाकावी, अशी साधारण मर्यादा पाळतात. वर विटांची भिंत असल्याने आपल्याकडे त्याहूनही कमी वाकणारी तुळई मागावी. पोलाद 550 ते 600 अंशांच्या उष्णतेत जवळपास निम्मी ताकद गमावते, म्हणून तुळई उघडी न ठेवता काँक्रीटने किंवा अग्निरोधक आवरणाने मढवावी. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : भूकंपाचा आडवा धक्का सोसण्यातही या भिंतीचा वाटा असतो आणि ते काम दोन टोकांवर नुसती टेकवलेली तुळई करत नाही.

प्रश्न : आमची इमारत कॉलम-बीमची आहे. चार इंची भिंत निर्धास्तपणे काढता येईल का?

उत्तर : बहुतेक वेळा अशी भिंत केवळ आडोशाची असते, पण जाडीवरून निर्णय घेऊ नये. मूळ स्ट्रक्चरल नकाशा पाहावा. तो नसल्यास छताजवळचा गिलावा थोडासा काढून वर बीम आहे की भिंत थेट स्लॅबला भिडली आहे, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. जुन्या इमारतीत वाकलेला स्लॅब कालांतराने अशा भिंतीवर टेकलेला असू शकतो. तसे आढळल्यास आधी टेकू लावावेत आणि मगच भिंत वरच्या थरापासून उतरवावी.