प्रॅक्टिसच तर आहे

प्रिय पोरा,

रविवारी तू मानेचा पट्टा पिटमध्येच टाकून गो-कार्ट बाहेर काढलीस. हटकलं तर म्हणालास, "काका, प्रॅक्टिसच तर आहे." चारचौघांत बोललो नाही, म्हणून आता लिहितोय.

अ‍ॅडम पेटी हे नाव तू ऐकलं नसशील. अमेरिकेत नॅस्कारच्या स्टॉक कार शर्यतींत पेटी म्हणजे घराणं. पणजोबा ली १९५९ ची पहिली डेटोना ५०० ही मोठी शर्यत जिंकलेले, आजोबा रिचर्ड यांच्या नावावर २०० विजय, वडील काइलही ड्रायव्हरच. अ‍ॅडमने १८ व्या वर्षी शार्लटला आर्का या खालच्या गटातली शर्यत मारली. २ एप्रिल २००० ला टेक्सासमध्ये तो सगळ्यात वरच्या गटात उतरला. इंजिनाने दगा दिला, ४० वा आला. तीन दिवसांनी पणजोबा वारले. त्या गटातली पोराची तेवढी एकच शर्यत.

१२ मे ला न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकवर सराव चालू होता. तिसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही, भिंतीत गेली. रेस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, अडकली असावी, असं मानतात. कवटीच्या तळाचं हाड मोडलं. वय १९. दोन महिन्यांच्या आत त्याच वळणावर केनी अर्विन हा दुसरा ड्रायव्हर गेला, तोही सरावातच.

सीटचे पट्टे छाती धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा झटका मानेवर येतो. त्यासाठी खांद्यावर जुवासारखं बसणारं, हेल्मेटला बांधलेलं हान्स नावाचं साधन तेव्हाही मिळत होतं, पण सक्ती नव्हती. २००१ च्या फेब्रुवारीत डेल अर्नहार्टसारखा कसलेला ड्रायव्हर अपघातात गेला, आणि सक्ती आली ऑक्टोबरात. आपला फोमचा पट्टा म्हणजे हान्स नव्हे, ठाऊक आहे मला. तरी घालायचा.

अ‍ॅडमला आजारी मुलांसाठी शिबिर काढायचं होतं. आईवडिलांनी ते २००४ मध्ये उभं केलं. पत्राशी त्याचा संबंध नाही, पण लिहावंसं वाटलं.

अ‍ॅडम आणि केनीच्या अपघातांनंतर नॅस्कारने स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण सक्तीचं केलं. तुझ्या कार्टलाही बटण आहे. शनिवारी सातला ये. आधी रेसची केबल आणि स्प्रिंग तू तपासायचीस, मी नाही. मग डोळे मिटून इंजिन बंद करून दाखवायचं, दहा वेळा. चावी तोवर माझ्या खिशात राहील.

तुझा,
मिस्त्रीकाका