भेट आलेल्या गोष्टीतल्या अकरा चुका

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची आहे, साताऱ्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. चार वर्षांपूर्वी शेरलॉक होम्सच्या चाहत्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये सामील झाले. आम्ही चाळीसेक जण आहोत, निरनिराळ्या देशांतले. होम्स आणि वॉटसनवर स्वतः गोष्टी लिहितो, म्हणजे फॅनफिक, आणि एकमेकांच्या वाचतो. खरं सांगायचं तर निम्मा वेळ गप्पाच चालतात. कुणाची भाकरी करपली, कुणाच्या मांजरीने काय सांडलं, आणि त्यातच मध्येच, वॉटसनला चहात साखर किती लागत असेल.

तिथे पोलंडमधली एक मैत्रीण मिळाली. आमची जेवणं उरकून मी फोन घेऊन बसते तेव्हा तिची संध्याकाळ असते. बाबा दवाखान्यात होते ते सहा दिवस ती रोज माझ्याबरोबर जागली.

गेल्या महिन्यात तिने वॉटसन मुंबईत उतरतो त्या दिवसांवर एक मोठी गोष्ट लिहून एओथ्री या फॅनफिकच्या संकेतस्थळावर टाकली. वर भेट म्हणून माझं नाव घातलं होतं. मी एका रात्रीत वाचली. मग राहवेना, म्हणून खाली कमेंटमध्ये चुका लिहिल्या. अकरा निघाल्या. गोष्ट १८८० सालची, आणि तिचा वॉटसन व्हिक्टोरिया टर्मिनसच्या घुमटाखाली उभा राहतो! वडापाव खातो! घरकामाच्या मराठी बाईच्या तोंडी मोडकंतोडकं हिंदी. मी काहीही उद्धट लिहिलं नाही. सगळं मुद्देसूद, सालांसकट. शेवटी ‘बाकी छान’ असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गोष्ट गायब. अठरा दिवस झाले, ती ग्रुपवर आलेली नाही. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. गोष्टीची फाइल मी उतरवून घेतली होती, ती आता सगळे माझ्याकडे मागतायत. देऊ का? आणि तीच गोष्ट चुका दुरुस्त करून मी तिला भेट म्हणून लिहिली तर? ताई, माझं एकही साल चुकलेलं नव्हतं. तरी मला झोप लागत नाही.

– इतिहासाची बाई, सातारा

*

बाळा,

तुझं एकही साल चुकलेलं नव्हतं. व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं १८७८ मध्ये आणि इमारत पुरी व्हायला १८८७-८८ उजाडलं. तुझ्या मैत्रिणीच्या वॉटसनला तिथे घुमट नव्हे, चालू बांधकामच दिसलं असतं. आगगाडी त्याने बोरीबंदरच्या जुन्या स्टेशनातून पकडली असती. वडापाव तर त्याच्यानंतर ऐंशीएक वर्षांनी आला. हे सगळं आधीच मान्य करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या मनात त्याचा हिशेब चालू राहणार नाही.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य परत वाच. ‘वर भेट म्हणून माझं नाव घातलं होतं.’ हे लिहून तू लगेच चुकांकडे वळलीस. मी मात्र त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले.

मूळ लेखनात मुंबईला किती जागा आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १८८७ च्या त्या पहिल्या कादंबरीत वॉटसन एवढंच सांगतो, की मुंबईला उतरल्यावर कळलं, आपली पलटण खिंडी ओलांडून केव्हाच पुढे गेली. संपलं. एक वाक्य, आणि गडी कंदाहारला. वॉटसनवर गोष्ट लिहायची तर तुझ्या मैत्रिणीला अफगाणिस्तानातली मैवंदची लढाई होती, पेशावरचं इस्पितळ होतं, लंडनमधले एकटेपणाचे दिवस होते. त्यांवर पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, चाहत्यांनी गोळा केलेलं कितीतरी साहित्य आहे. तिने ते सगळं सोडून अख्ख्या मूळ गोष्टींतलं मुंबईचं एवढंसं वाक्य उचललं आणि त्यात घर बांधलं. न पाहिलेल्या शहरात, स्वतःची नसलेल्या इंग्रजीत. का? कारण या बाजूचं तिच्या ओळखीचं जे माणूस होतं, ते तू होतीस. वॉटसनला तिने तुझ्या गावाकडे आणून सोडलं, बाळा. तो वडापावसुद्धा बहुधा तुझ्याच गप्पांतून तिच्याकडे गेला असणार. तू कधीतरी शाळेतून येताना खाल्लेला, फोटो काढून पाठवलेला. जरा मागचे मेसेज चाळून बघ.

त्या भेटीवर तू सगळ्यांदेखत अकरा चुका लिहिल्यास.

तू दुष्टपणे केलं नाहीस, हे पत्रातून कळतं. तुझा हात वह्या तपासायला सरावलेला आहे, आणि आपल्याकडे ‘परखड’ हे विशेषण आपण मोठ्या कौतुकाने वापरतो. तोंडावर चूक सांगणारा तो खरा हितचिंतक, असं ऐकत आपण वाढलो. मीही वाढले. विशीत माझी पहिली कथा मी घरच्या ओळखीतल्या एका जाणत्या माणसाला दाखवली. त्यांनी दहा माणसांसमोर ती ओळीओळीने सोलली आणि शेवटी म्हणाले, ‘बाकी ठीक.’ त्यांचे बहुतेक मुद्दे बरोबर होते. पुढची आठ वर्षं मी काही लिहिलं नाही. म्हणून सांगते, तुझ्या त्या ‘बाकी छान’ने तिला जराही आधार मिळाला नसेल. अकरा मुद्दे वाचून झाल्यावर ‘बाकी’ काय उरतं?

शिवाय फॅनफिकच्या जगाची स्वतःची रीत आहे, आणि ती उगाच पडलेली नाही. एओथ्री, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन, चाहत्यांनीच उभं केलं. त्यामागची संस्था २००७ ची, संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं झालं २००९ मध्ये. काम स्वयंसेवक करतात, खर्च देणग्यांतून भागतो, जाहिरात एकही नाही. लिहिणाऱ्याला तिथे मानधन नाही, गुण नाहीत. आवडलं तर वाचणारा कुडोजचं बटण दाबतो. नावडल्याचं बटण तिथे नाहीच. रात्री जागून लिहिलेली गोष्ट लिहिणारी फुकट देते, आणि त्या बदल्यात तिला मिळतात त्या चार ओळी, कमेंटच्या. त्यातून चुका काढून हव्याच असतील तर त्यासाठी बीटा असतो, म्हणजे गोष्ट आधी वाचून चुका सांगणारा वाचक. गोष्ट बाहेर पडायच्या आधी, दोघींतच, मागून घेतलेला. किंवा लेखिका सुरुवातीच्या टिपेत स्वतःहून लिहिते, की सुधारणा सुचवा, राग येणार नाही. तुझ्या मैत्रिणीने असं लिहिलं होतं का? लिहिलं असतं तर तू मला सांगितलं असतंस. या रिवाजामुळे लेखन कच्चं राहतं असंही समजू नकोस. याच संग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आणि तू ज्याची चाहती आहेस त्या कॉनन डॉयलचंच बघ ना! पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी लागते खांद्यात, दुसरीत तो दुखरा पाय चोळत बसतो. नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. वाचकांनी याचं काय केलं? खांद्यातून पायात गोळी गेली कशी, यावर सव्वाशे वर्षं तर्क लढवले. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सनी जेम्सचा छडा लावला: वॉटसनच्या नावातलं मधलं ‘एच’ म्हणजे हॅमिश असणार, हॅमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स, म्हणून बायको लाडाने जेम्स म्हणत असेल. एवढी प्रेमळ खटपट एका चुकीसाठी! होम्सच्या चाहत्यांची ही फार जुनी खोड आहे, चूक सापडली की तिथे गोष्ट रचायची. डॉयलच्या वाट्याला तुमच्याकडून एवढी माया येते. तुझ्या मैत्रिणीच्या वाट्याला यादी आली.

अकरापैकी एक मुद्दा मी वेगळा काढते. घरकामाच्या त्या बाईचा. घुमट चुकला म्हणून कुणाचं काही जात नाही. पण मराठी बाई सारखी मोडकंच बोलते, तिला स्वतःची धड भाषाच नाही, हे वाचून तुला टोचलं असेल तर ते टोचणं खरं आहे, आणि मैत्रिणीला ते सांगण्याचा तुला हक्क आहे. फक्त ते खासगीत, आणि तू दुखावलीस म्हणून. ‘ही बाई माझ्या आजीसारखी वाटली आणि ती असं बोलली असती हे मला पटेना,’ असं लिहिलं असतंस तर ती तुझ्या आजीबद्दल विचारत बसली असती. सालांच्या गर्दीत तो एक खरा मुद्दाही हरवला. पण आत्ता तो काढू नकोस. आधी मैत्री जाग्यावर येऊ दे.

आता काय करायचं ते.

तिला मेसेज लिही. ग्रुपवर नको, तिला एकटीला. जाहीर माफी मागितलीस तर तिला सगळ्यांसमोर ‘अगं असू दे’ म्हणावं लागेल, म्हणजे पुन्हा तिच्यावरच ओझं. मेसेज छोटा ठेव. मी लिहिलं असतं ते असं:

‘तू माझ्यासाठी मुंबई लिहिलीस आणि मी तुला साधं थँक्यूही म्हटलं नाही. भेट हातात घेतली आणि सगळ्यांसमोर तिच्यातल्या चुका मोजल्या. माझं चुकलं. वॉटसन बंदरावर उतरतो आणि त्याला कुणीच घ्यायला आलेलं नसतं, ते पान मी दोनदा वाचलं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.’

बंदराचं पान मी मनाने घातलंय. तिथे तू तुझं खरं पान घाल, तुला खरोखर आवडलेलं. तू ती गोष्ट एका रात्रीत संपवलीस, म्हणजे असं पान नक्की आहे, आणि तिला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हे लिहू नकोस, त्यात चूक तिच्या वाटण्यावर ढकलली जाते. ‘मी इतिहास शिकवते ना, म्हणून’ हेही नको. ‘पण’ हा शब्द आला तर तो पुसून टाक.

फाइल कुणालाही देऊ नकोस. मागणारे प्रेमानेच मागतायत, मला कळतं. पण तिने गोष्ट काढून घेतली ती विचार करून. नुसतं नाव काढून टाकून गोष्ट तशीच ठेवायची सोय एओथ्रीवर आहे. तिला गोष्ट लोकांसमोर हवी असती तर तिने ती वापरली असती. तिने पुसली, आणि पुसली की खालच्या कमेंटही जातात, तुझी यादीही गेली. तू फाइल वाटलीस तर त्याच चुकांसकट तिची गोष्ट चाळीस फोनांत फिरेल आणि तिला थांबवता येणार नाही. ग्रुपवर एकच वाक्य लिही, ‘ती तिची आहे, मी देणार नाही.’ पण स्वतःकडची प्रतही पुसू नकोस. उद्वेगाने काढून टाकणारे पुष्कळदा स्वतःपाशीही काही ठेवत नाहीत. मेसेजच्या शेवटी तिला एवढं सांगून ठेव, की एक प्रत माझ्याकडे सुखरूप आहे, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, तुला कधी हवी झाली तर माग.

ती गोष्ट ‘दुरुस्त करून’ भेट द्यायची कल्पना मात्र आजच सोड. तुला ती परतभेट वाटतेय. तिच्या हातात ती बाराव्या मुद्द्यासारखी पडेल. तुझी मुंबई तुला लिहायचीच असेल, चालू बांधकामासकट, तर पुढे कधीतरी लिही, आणि तेव्हा तिला बीटा हो म्हणून विचार. तुझ्या चार वर्षांच्या हकिगतीत तू स्वतः टाकलेल्या गोष्टीचा उल्लेख एकदाही आला नाही, हे मी पाहिलं. लिहून ठेवलेलं काही फोनमध्ये पडून असेल तर ते बाहेर काढ. गोष्ट टाकल्यावर पहिली कमेंट येईपर्यंत पोटात काय होतं, ते तुला अजून ठाऊक नसावं.

ग्रुपमधल्या दोन्ही तटांपासून लांब राहा. तुझी बाजू घेणाऱ्यांना आधी थांबव, कारण ‘एवढं काय झालं तिला’ हे तुझ्या बाजूने बोललं गेलं तरी ते तिच्यापर्यंत तुझंच म्हणून पोचेल. आणि गप्पा बंद करू नकोस. करपलेली भाकरी, शाळेतली पोरं, चहातली साखर, रोजचं रोज लिहीत राहा. कुणी न बोलताही ग्रुप वाचत असतं. कदाचित तीही वाचत असेल.

ती येईलच असं मी म्हणत नाही. काही जणी असं काही झालं की तो फॅन्डमच, म्हणजे चाहत्यांचा तो गोतावळाच, सोडतात, नवीन नाव घेऊन दुसरीकडे लिहायला लागतात. तसं झालं तर तिला शोधत जाऊ नकोस. तुला त्याचं दुःख होईल, आणि ते होणारच. न भेटलेल्या माणसाचं एवढं काय, असं घरी कुणी म्हटलं तर त्यांना ते सहा दिवस सांग.

पण समज, तीन आठवड्यांनी एका रात्री तिचा मेसेज आला, आणि त्यात गोष्टीबद्दल, माफीबद्दल अक्षर नाही. नुसतं विचारलंय, ‘आज काय जेवलीस?’ तर तिला काय जेवलीस ते सांग. फोटो असेल तर तोही पाठव.

तुझी,
ताई